विश्लेषण : स्वयंप्रतिकार आजारांच्या मुळाशी ‘पहिली फळी’, भारतापुढे क्षयरोगाचा पेच

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते, तेव्हा स्वयंप्रतिकार आजार जडतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, टाइप-१ मधुमेह यांसारख्या आजारांचा दोष आजवर प्रामुख्याने टी आणि बी पेशींवर ठेवला गेला. या पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींसंबंधीच्या संशोधनासाठी मेरी ब्रुन्कॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. मात्र जनुकशास्त्राचे पुरावे आता त्याआधीच्या कडीकडे, म्हणजे उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशींकडेही बोट दाखवत आहेत.

टी आणि बी पेशींना विशिष्ट शत्रू ओळखून सज्ज होण्यास काही दिवस लागतात. तोवर किल्ला लढवतात त्या मॅक्रोफेज, अर्थात भक्षक पेशी. त्या जंतूंना गिळतात आणि टीएनएफसारखी रसायने सोडून दाह निर्माण करतात. धोका टळल्यावर हा दाह शमणे अपेक्षित असते. तो धुमसत राहिला, तर निरोगी ऊतींचीच हानी होते.

हा दाह काहींमध्ये का शमत नाही, याचा एक महत्त्वाचा धागा लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील जेम्स ली यांच्या चमूला सापडला. जून २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. एकविसाव्या गुणसूत्रावर प्रथिनांची कृती सांगणारे एकही जनुक नसलेला एक ‘ओसाड’ पट्टा आहे. तरीही त्यातील बदलांचा संबंध आतड्यांचा दीर्घकालीन दाह, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, पित्तनलिकांचा एक आजार आणि ताकायासू हा धमन्यांचा विकार यांच्याशी आढळत होता. या पट्ट्यात दूरवरच्या ‘ईटीएस-२’ जनुकाचा जोर वाढवणारा नियंत्रक असल्याचे चमूने दाखवले. भक्षक पेशींमध्ये हे जनुक अधिक सक्रिय झाले, की त्यांचे वर्तन रुग्णांच्या आतड्यांतील दाहकारक पेशींसारखे होते.

या जनुकाला थेट रोखणारे औषध नाही. मात्र कर्करोगावर वापरली जाणारी ‘एमईके’ प्रतिबंधक औषधे त्याचा प्रभाव कमी करतात. रुग्णांच्या आतड्यांच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत ती वापरली असता दाह घटला. परंतु इतर अवयवांवरील दुष्परिणामांमुळे अशी औषधे वर्षानुवर्षे देणे जोखमीचे ठरते. ती केवळ भक्षक पेशींपर्यंत कशी पोहोचवायची, हा पुढचा प्रश्न आहे.

भारतासाठी हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. शरीरात सुप्तावस्थेत असलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही याच भक्षक पेशी करतात आणि त्यासाठी टीएनएफ आवश्यक असते. टीएनएफ रोखणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे क्रोन्स आजारात गुणकारी असली, तरी त्यांच्यामुळे सुप्त क्षयरोग उफाळू शकतो. म्हणूनच उपचारांपूर्वी क्षयाची तपासणी केली जाते. त्यातच क्रोन्स आणि आतड्यांचा क्षय यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की निदानातही गफलत होण्याची शक्यता असते. पहिली फळी निष्प्रभ करणारा कोणताही नवा उपचार याच कसोटीवर तपासावा लागेल.

दुसरा मुद्दा जनुकीय माहितीचा. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडले गेलेले ‘एनओडी-२’ हे जनुकही उपजत प्रतिकारशक्तीचेच. मात्र युरोपीय रुग्णांत आढळणारे त्यातील प्रमुख बदल भारतीय रुग्णांत दुर्मीळ आहेत. उत्तर भारतीयांवरील २०१५ च्या एका अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसशी संबंधित तीन नवी जनुकीय स्थाने आढळली. युरोपीय माहितीवर आधारलेले निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू होतील, असे गृहीत धरता येत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांसाठी खुली झाली असून, तुलनेसाठी तो भक्कम पाया ठरू शकतो. मात्र आजारांची कारणे उलगडण्यासाठी रुग्णांच्या जनुकांचे स्वतंत्र आणि व्यापक अभ्यास लागतील.

जोखमीचे जनुक असणे म्हणजे आजार होणारच, असे नव्हे. असे बदल असंख्य निरोगी व्यक्तींमध्येही असतात. जंतूंशी लढण्याचे बळ आणि स्वतःवर उलटण्याचा धोका एकाच पेशीत नांदतात. त्यामुळे ही पेशी बंद पाडणे नव्हे, तर तिला वेळीच थांबवणे, हेच नव्या उपचारांचे उद्दिष्ट असावे लागेल.