'सकर' हे नाव नव्हे

पुतण्याच्या फिशटँकमधल्या माशाचा फोटो आला. "काका, हा नक्की कोणता?" दुकानदाराने सांगितलं होतं 'सकर', काचा साफ करतो, एवढाच राहतो. तीन वर्षांत दोन इंचांचा फूटभर झाला. अंगावर हाडांचं चिलखत, तोंड खाली, ओठ काचेला चिकटलेले.

आता 'सकर' हे काय नाव झालं? ते त्याच्या ओठांचं काम झालं. मला सगळे गुरुजी म्हणतात, त्यावरून माझं आडनाव कळतं का?

वास्तविक ओळखणं फार अवघड नाही. आपल्या शिंगाळ्यासारखाच हा कॅटफिश, पण मूळ दक्षिण अमेरिकेतला. त्याने पाठीचा पर उभारला की पहिला जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजायच्या. सात भरल्या तर हायपोस्टोमस. (यातल्या एका जातीला लिनियसने १७५८ साली चक्क स्टर्जन माशांत बसवलं होतं!) दहा किंवा जास्त भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस. पुतण्याने बारा मोजल्या. मग पोट पाहायचं. ठिपके सुटे असले तर पार्डालिस, एकमेकांत मिसळून नागमोडी झाले असले तर डिसजंक्टिव्हस. याच्या पोटावर दोन्ही! या दोन जातींचा संकरही होतो, त्यामुळे वंश पक्का, जात फोटोवरून नाही, असं मी कळवलं.

"नाव कळून काय करायचंय?" असं आमच्या वहिनी म्हणाल्या. वहिनी, नाव कळलं की पुढचं सगळं कळतं. हा दीड फुटापर्यंत वाढतो. काचेवरचं शेवाळ खातो हे खरं, पण इतर माशांची घाण खात नाही, स्वतः मात्र भरपूर करतो. पाण्याबाहेर कित्येक तास तग धरतो. नर काठाच्या मातीत बिळं खणतात, तिथे अंडी घातली जातात. हे आधी कळलं असतं तर लहान टाकीसाठी हा मासा घेतला कोणी असता?

टाकी पुरेनाशी झाली की मग "नदीत सोड, पुण्य लागेल" हा सल्ला ठरलेला. कसलं पुण्य? २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत हा सापडला तेव्हा बातम्या झाल्या. आपल्या उजनीतही तो पोचलाय. काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात गिऱ्हाईक नाही. पुण्य आपलं आणि भुर्दंड मच्छीमाराचा, हा कुठला न्याय?

दुकानदार म्हणतात, नाव विचारतंय कोण. अहो, बिस्किटाच्या पुड्यावर कोणी न विचारता सगळं छापलेलं असतंच ना! टाकीवर एक चिठ्ठी लावा: वंशाचं नाव, मूळ ठिकाण, पूर्ण वाढ किती. आणि वाढलेला मासा परत आणला तर घ्या. यात दोन इंची पिल्लांचा खप कमी होईल, मला ठाऊक आहे. होऊ दे.