शूबर्टचा भाऊ

"खऱ्या कलेला उशिरा का होईना, न्याय मिळतोच," असं आपण सहज म्हणून जातो. मला नाही पटत!

फ्रान्झ शूबर्ट १८२८ साली व्हिएन्नात, भाऊ फर्डिनांडच्या घरी वारला. वय अवघं ३१. गाणी ६००हून जास्त, पण फक्त स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल एकच, तीही त्याच वर्षी. पुढे शूमान फर्डिनांडला भेटायला गेला आणि तिथल्या कागदांत त्याला मोठी सी मेजर सिंफनी सापडली. १८३९मध्ये मेंडेल्सोनने ती लाइपझिगला सादर केली. म्हणजे न्याय आपोआप नाही मिळाला, भावाने कागद जपले म्हणून मिळाला.

आमच्या आजोबांच्या पदांच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. मीच बांधून दिल्या होत्या. काय होतं त्यांत, आता कोण सांगणार?