चेहरा सुन्न, एकाचे दोन दिसते : दर वेळी काळी बुरशीच असते का?

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने म्युकरमायकोसिस अधिसूचित आजार करण्यास राज्यांना सांगितले आणि ‘काळी बुरशी’ घराघरांत माहीत झाली. आजही कोल्हार परिसरात कुणाचा गाल सुन्न झाला किंवा एकाचे दोन दिसू लागले, की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ही तीच बुरशी का?" शंका रास्त आहे. मधुमेह असेल तर आधी तीच तपासावी लागते. पण हीच लक्षणे व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहातही दिसतात.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या डोळे, चेहरा, कान, आवाज आणि गिळणे सांभाळतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद झाल्या, किंवा कवटीच्या तळाशी आलेल्या सुजेने नस दबली, की तिचे काम थांबते. ‘जीपीए’ या प्रकारात बहुधा त्याआधी नाक चोंदते, रक्ताळ खपल्या पडतात, कान वाहतो, कमी ऐकू येते.

खरा पेच उपचाराचा आहे. बुरशी असताना स्टेरॉइड दिले तर ती फोफावते. व्हॅस्क्युलायटिसमध्ये मात्र स्टेरॉइड लागतेच, सोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड. सायनसच्या स्कॅनवर दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. क्षयरोगाचाही चकवा बसतो. म्हणून बायोप्सी महत्त्वाची. सोबत एमआरआय, छातीचा स्कॅन आणि रक्तातील ‘आन्का’ तपासणी. आन्का निगेटिव्ह आली तरी आजार नाही, असे ठरत नाही. लघवी व क्रिएटिनिन तपासायचे, कारण मूत्रपिंड काही न दुखता खराब होऊ शकते.

कोल्हारकरांना लोणीचे मोठे रुग्णालय जवळ आहे. संधिवाततज्ज्ञासाठी मात्र अनेकदा नाशिक किंवा पुणे गाठावे लागते. खर्चाची धास्ती असतेच. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली, मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

दृष्टी अंधुक होणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, गिळताना ठसका लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मेडिकलमधून स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नका. आधीच सुरू असेल तर ते अचानक बंदही करू नका. गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा.