शेऱ्याचा रकाना

परवा नातू पुण्याहून अमरावतीला आला, तो लॅपटॉप आणि एक अडचण घेऊनच. शाळांसाठी तो अ‍ॅप करतोय आणि प्रत्येक शाळेला वेगळी माहिती हवी आहे. एकीला बसचा थांबा, दुसरीला रक्तगट, तिसरीला वसतिगृहाची खोली. "आजी, रकाने आधीच ठरवावे लागतात गं. सगळ्यांचे घातले तर शंभर होतात आणि निम्मे रिकामे राहतात."

मी मराठी घेऊन बीए झालेली बाई! पण शाळेत जनरल रजिस्टर वर्षानुवर्षं लिहिलंय, म्हणून म्हटलं, सांग बरं नीट.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे क्रमांकाने एकमेकांशी जोडलेले तक्ते. एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली. आमचं रजिस्टरही तसंच. एका मुलाची एक ओळ. रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा आणि सर्वात शेवटी शेरा.

नातवापुढे दुसरा मार्ग होता, प्रत्येक नोंदीला वेगळी ओळ: मुलाचा नंबर, रकान्याचं नाव, मजकूर. यात काहीही मावतं. पण एका मुलासाठी चाळीस ओळी जुळवायच्या, आणि जन्मतारखेच्या जागी कुणी 'राजकमल चौक' लिहिलं तरी यंत्र गप्प! तिसरा मार्ग, पक्कं ते रकान्यात आणि बाकीचं 'जेसन' नावाच्या एका पेटीत. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये २०१४ पासून अशा पेटीतलं झटपट शोधायचीही सोय आहे म्हणे.

"अरे, हा तर आमचा शेरा!" मी म्हटलं.

शेरा गाळला की काय होतं ते मी पाहिलंय. अकोला जिल्ह्यातल्या एका शाळेतला माझा जुना विद्यार्थी. त्याच्या नावातली दुरुस्ती शेऱ्यात लाल शाईने लिहिली होती, आदेशाच्या तारखेसह. पुढे रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवलं, त्यात शेऱ्याला जागाच नव्हती. मुलीच्या जात पडताळणीसाठी त्याने दाखला काढला, तर त्यावर जुनंच नाव. माझ्याकडे आला. "बाई, रजिस्टरात लिहेल होतं ना? मंग कम्प्युटरात कामून नाही?" मी काय उत्तर देणार? जुनं रजिस्टर कपाटात शाबूत होतं म्हणून निभावलं. पण चार चकरा झाल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली.

म्हणून माझं मत असं. जे रोज शोधायचं, मोजायचं, ते रकान्यात. जे एकाच मुलाच्या बाबतीत अनेकदा घडू शकतं, जसं नावातली दुरुस्ती, त्याला वेगळा तक्ता; तारीख आणि आदेश क्रमांक लिहून रजिस्टर नंबरने जोडलेला. उरलेलं शेऱ्यात. आणि एकच गोष्ट शेऱ्यात वारंवार दिसू लागली, की तिला स्वतःचा रकाना द्यायचा. रकाने काय, वाढतातच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लावायचं, असं आपल्या राज्य सरकारने ठरवलं. आई काय तेव्हा नव्याने आली? जागा तेवढी उशिरा मिळाली.

सगळंच शेऱ्यात कोंबणं हा मात्र आळस. तसं रजिस्टर लिहिणाऱ्यालाच कळतं, आणि तो निवृत्त झाला की कुणालाच नाही.

नातवाने ऐकलं आणि त्या पेटीचं नावच 'शेरा' ठेवलं. असो. तुमच्या नावाची कुठल्या रकान्यात अशी ओढाताण झाली असेल, तर जरूर कळवा.