सेकंड-हँड मशीन घेताय? आधी जत्रेतल्या रोलर कोस्टरचं मूळ कसं शोधतात ते बघा



सेकंड-हँड मशीनवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, मशीन चालू कंडिशनमध्ये आहे, घेऊ का?" मी उलट विचारतो, ते बनवलं कुणी, आणि आत्तापर्यंत कुणाकुणाकडे होतं? इथे बरेच जण गप्प होतात. मशीन चालू करून दाखवणं सोपं असतं हो. त्याचा इतिहास दाखवणं अवघड.

हे समजवायला मला युरोप-अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांचा धंदा फार आवडतो. तिथे अख्खा रोलर कोस्टर सुटा करून ट्रेलरवर लादतात, पुढच्या शहरात पुन्हा उभा करतात. मालक बदलला की रंग बदलतो, लायटिंग बदलतं, नाव तर हमखास बदलतं. त्यामुळे पाटी वाचून मूळ कळत नाही. गंमत म्हणजे या खेळाच्या नावातही तोच घोळ आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश लोक त्याला 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि रशियन लोक 'अमेरिकन टेकड्या'!

एक खरं उदाहरण घ्या. १९८६ मध्ये जर्मनीतल्या जत्रांमध्ये 'थ्रिलर' नावाचा कोस्टर आला. १९९८ मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनच्या पार्कात 'टॅझेस टेक्सास टॉर्नेडो' झाला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात 'झोंगा'. पुढे मेक्सिकोत 'त्सुनामी'. लोखंड तेच, बारसं चार वेळा. बनवणारा माणूस होता अँटोन श्वार्त्सकोफ, बव्हेरियातल्या म्युन्स्टरहाउझेन या छोट्या गावातला कारखानदार. त्याच गावात आज गेर्स्टलाउअर ही कोस्टर बनवणारी कंपनी आहे आणि तिचा संस्थापक श्वार्त्सकोफकडेच काम केलेला. हा धागा माहीत असेल, तर मूळ कंपनी बंद पडल्यावरही कुणाला फोन करायचा ते कळतं.

मग जाणकार ओळखतात कसं? समोरची रंगीत कमान ते बघतच नाहीत. आधी डबा बघतात: आकार कसा, सीट किती, लॅप बार कुठून खाली येतो. मग रुळाचा नकाशा, कुठे वळतो, कुठे स्वतःलाच ओलांडतो. इटलीच्या पिनफारी कंपनीचा 'झायक्लॉन' आणि इटलीच्याच एस.डी.सी.चा 'गॅलॅक्सी' लांबून जुळे भाऊ वाटतात, दोन्ही जगभर जत्रांमध्ये फिरले, आणि दोन्ही कंपन्या आज बंद आहेत. तिथे डब्याची घडण बघूनच फरक करावा लागतो. जागेचं माप घेतलं तरी पुष्कळ कळतं, कारण श्वार्त्सकोफच्या 'वाइल्डकॅट'चे प्रकार मीटरमधल्या लांबीवरूनच ओळखले जातात: ६५, ५४, ४५. शेवटी कंपनीची धातूची पट्टी शोधायची, तिच्यावरचा सीरियल नंबर आणि वर्ष वाचायचं. मग आरसीडीबी या १९९६ पासून चालणाऱ्या डेटाबेसमध्ये पडताळायचं. तिथे एकेका कोस्टरची सगळी नावं आणि सगळे मुक्काम ओळीनं सापडतात.

जर्मनीत तर अशा राइडबरोबर तपासणीची वही फिरते. नव्या जागी उभारणी झाली, तपासणी झाली, की नोंद त्या वहीत. इटलीनं २००७ च्या नियमानं प्रत्येक फिरत्या राइडला ओळख क्रमांक आणि त्याची धातूची पाटी सक्तीची केली. आपल्या गाडीच्या आरसी बुकासारखंच समजा.

आता तुम्ही म्हणाल, सर, एवढं खोदून मिळणार काय? जुनं ते जुनं.

इथे माझं मत जरा वेगळं आहे. जुनं असणं हा दोष नाहीच. श्वार्त्सकोफनंच डिझाइन केलेला 'ऑलिम्पिया लूपिंग' १९८९ चा आहे. पाच गोल, ऑलिम्पिकच्या कड्यांसारखे. तो म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला उभा राहतो, लंडनच्या नाताळ जत्रेतही 'म्युनिक लूपिंग' नावानं उभा राहिलाय. जत्रेचा धंदा करणाऱ्या एकाच घराण्यानं तो वर्षानुवर्षं सांभाळला. मशीनबरोबर माहितीही घरातच राहिली.

आता दुसरी बाजू. त्याच श्वार्त्सकोफचा १९८४ चा 'ड्रायर लूपिंग', तीन गोलांचा. जर्मनीतल्या जत्रा, मग मलेशिया, मग इंग्लंड, मग मेक्सिको सिटीतलं 'ला फेरिया' पार्क. तिथलं नाव 'किमेरा'. २८ सप्टेंबर २०१९ ला त्याचा मागचा डबा रुळावरून सुटला आणि दोन माणसं गेली. चौकशीत देखभालीतली हयगय पुढे आली, पार्क बंद झालं, आणि त्या नावानं पुन्हा उघडलंच नाही. दोष शेवटच्या मालकाच्या देखभालीचा, हे खरंच. पण जे मशीन चार देश फिरतं, त्याची माहिती प्रत्येक हातबदलात थोडी थोडी गळत जाण्याचा धोका असतो. म्हणून घेणाऱ्यानं ती मुद्दाम गोळा करायला हवी, फुकट कुणी आणून देत नाही.

तुम्ही कोस्टर घेणार नाही, मला माहीत आहे. पण इचलकरंजी-भिवंडीत युरोपातून आलेले जुने माग चालतात. छपाईवाले जुनं हायडेलबर्ग घेतात. कुणी पेपर कटिंग मशीन बघतंय, कुणी पॉवर प्रेस. या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच, की मूळ मॉडेल कळल्याशिवाय त्यातलं काय गायब आहे ते कळत नाही. कटिंग मशीनला कंपनीनं सेफ्टी गार्ड दिला होता का? दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय पातं खाली येऊ नये अशी सोय होती का, आणि कुणी मधेच वायर जोडून ती बंद केली का? मशीन बघून हे सांगता येत नाही, कारण ते चालतंय मस्त. मूळ मॅन्युअल समोर असेल तरच सांगता येतं. आणि तुमच्याकडे कामाला येणारं पोरगं तर ते मॅन्युअल कधीच बघणार नाही, ते तुमच्यावर विश्वास ठेवून हात आत घालणार.

म्हणून जाताना टॉर्च आणि मोबाइल घेऊन जा. पट्टीचा फोटो काढा. पट्टी नसेल किंवा तिच्यावरूनच रंग फिरवलेला असेल, तर बॉडीवर कोरलेला नंबर शोधा. हायडेलबर्गच्या सीरियल नंबरवरून बनावटीचं वर्ष निघतं, बऱ्याच चांगल्या कंपन्यांचं तसंच असतं. कंपनी चालू असेल तर नंबर पाठवून सरळ मेल करा. बंद असेल तर तिचे पार्ट आता कोण बनवतं ते विचारा. आधीच्या मालकाचा नंबर मागा, आणि शक्य असेल तर त्याच्या ऑपरेटरशी बोला, मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

दोन मशीन समोर असतील, एक नव्या रंगाचं पण बिनकागदाचं, दुसरं रंग उडालेलं पण सर्व्हिसची वही असलेलं, तर मी दुसरं घेईन, दहा-पंधरा टक्के जास्त देऊन. वहीत ब्रेकडाउन लिहिलेले असले तरी घेईन. उलट दहा वर्षांत एकही ब्रेकडाउन नाही असं लिहिलं असेल, तर मी शाईचा रंग बघेन, सगळी पानं एकाच बसणीत लिहिली नाहीत ना ते.