कोड उना, पन मतलब कोन सांगी?

मे महिन्यातला शनिवार. सकाळी सकाळी शिरपूरहून आबाचा फोन. आबा म्हणजे माझा आतेभाऊ. वर्षभरापूर्वी कर्ज काढून त्यानं एक जुनं पोकलेन घेतलंय.

"भो, मशीन बंद पडनं. कोड उना, पन त्याना मतलब कोन सांगी?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्या नातेवाइकांचा ठाम समज असा की ज्याला प्रिंटर जोडता येतो, त्याला रॉकेटही दुरुस्त करता येतं. तरी रात्रीची बस पकडून गेलो. खरं सांगायचं तर उत्सुकताच जास्त होती.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. भारतात लार्सन अँड टुब्रोनं तिच्या परवान्यानं ही यंत्रं बनवली आणि नाव असं चिकटलं की आज कुठल्याही कंपनीचं हायड्रॉलिक खोदयंत्र आपल्याकडे पोकलेनच. आमच्या तालुक्यात या यंत्राला वेगळंच महत्त्व आहे. भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि अमरीशभाई पटेल यांनी २००४ पासून इथे नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधायचं काम सुरू केलं, तोच 'शिरपूर पॅटर्न'. नाला किती खोल करावा यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण तो वेगळ्या शनिवारचा विषय. मुद्दा एवढाच की नाल्याचं काम पाऊस पडायच्या आत उरकावं लागतं. एप्रिल-मे हाच हंगाम. मशीन उभं राहिलं की तासाचं भाडं थांबतं. हप्ता, ऑपरेटरचा पगार आणि हेल्परचं जेवण थांबत नाही.

तर झालं असं होतं. इंजिन सुरू व्हायचं, पण आरपीएम वाढायचे नाहीत. पडद्यावर एकदम तीन कोड. चार दिवस वाट पाहिल्यावर कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "कंट्रोलर गेलाय, बदलावा लागेल." किंमत ऐकून आबा खालीच बसला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. बऱ्याच डिझेल इंजिनांत जे-१९३९ नावाचं खुलं प्रमाण वापरतात. त्यात कोडचे दोन भाग असतात. एसपीएन सांगतो कुठे, एफएमआय सांगतो काय. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १५७ म्हणजे फ्युएल रेलचा दाब. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेलं. इतकं सोपं! पण अनेक मशीनच्या पडद्यावर हे दिसतच नाही. तिथे कंपनीचा स्वतःचा नंबर दिसतो, आणि त्याचा अर्थ असतो अधिकृत डीलरकडच्या मॅन्युअलमध्ये.

आबाचा वायरमन मात्र हुशार. त्याच्या मोबाइलमध्ये त्या मॅन्युअलच्या एका पानाचा फोटो होता, कुणीतरी कुणालातरी पाठवलेला, कोपरा ग्रीसनं माखलेला. त्यावरून कळलं की तिन्ही कोड वेगवेगळ्या सेन्सरचे आहेत, पण तक्रार एकच : व्होल्टेज कमी. तीन सेन्सर एकाच दिवशी मरतात का हो? अशा सेन्सरना बऱ्याचदा कंट्रोलरकडून एकाच लाइनीवर ५ व्होल्ट मिळतात. एकाची वायर कुठे बॉडीला टेकली की सगळ्यांचेच व्होल्ट खाली येतात. मल्टिमीटर लावला तर ५ च्या जागी दीडच्या आसपास. वायरमन एकेका सेन्सरचं कनेक्टर काढत गेला. तिसरं काढलं आणि काटा ५ वर! ऑइल प्रेशर सेन्सरची वायर ब्रॅकेटला घासून सोलली होती. वीतभर वायर, थोडी स्लीव्ह, टेप. कंट्रोलर ठणठणीत.

त्या कंपनीच्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्यावर दहा मशीनचा भार असेल, आणि पार्ट बदलणं हा सगळ्यात झटपट मार्ग. पण कोड म्हणजे निदान नव्हे, ती तक्रार आहे. पोट दुखतं म्हटल्यावर डॉक्टर पोट बदलत नाही. आणि ही तक्रार ऐकायचा हक्क मालकालाच नसेल, तर त्यानं विकत नेमकं घेतलं काय?

कंपन्यांचं म्हणणं मी समजू शकतो. इंजिनाचा नकाशा कुणीही बदलला तर धूर वाढेल, अपघात होतील. बरोबर आहे. पण आपल्या धंद्यात रीड आणि राइट या दोन वेगळ्या परवानग्या असतात ना? राइटला खुशाल कुलूप लावा. रीडला का? कोडचा अर्थ वाचून आजवर कुणाचं इंजिन धूर ओकू लागलेलं नाही.

सरकारला हा प्रश्न अगदीच माहीत नाही असं नाही. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणं आहेत, गाड्या आहेत. नाला खोदणारं मशीन मात्र या यादीत वेगळं दिसत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोनं २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी कायदाच केला. आपल्याकडे निदान कोडची यादी पडद्यावर, मराठीत दाखवा एवढी मागणी जास्त आहे का? दोन-चारशे ओळींची टेबल असते ती. आपल्यापैकीच कुणीतरी ती लिहिलेली असते, आणि आपल्यापैकीच कुणीतरी ती लपवायचं फीचर बनवलेलं असतं. हे मला जास्त टोचतं.

जाता जाता, कुणाचा भाऊ-मामा जुनं मशीन घेत असेल तर : चालू कोडबरोबर जुने साठवलेले कोडही बघा, कोणता कोड किती तासांवर आणि किती वेळा आला ते. हजारो तास चाललेल्या मशीनचा लॉग कोरा करकरीत असेल तर खूष होऊ नका. फाइलची पानं फाडून आलेला पेशंट आहे तो. आणि कोड अनेक, तक्रार एक असेल तर आधी वायर, अर्थिंग आणि बॅटरी तपासा, मगच महागड्या पार्टकडे वळा.

रविवारी दुपारी मशीन नाल्यात उतरलं. आबानं वायरमनला पैसे दिले, मला आमरस. आणि वायरमननं मला काय मागितलं माहितीये? "भाऊ, त्या बुकनी बाकीनी पानं कोठे भेटतीन का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणी अशा कंपनीत असाल, तर तुमच्याकडे आहे.