बिनव्याजी ठेवींना कायद्याचे छप्पर हवे

इस्लामी अर्थविचाराचा पाया एका नियमावर उभा आहे: उसन्या पैशावर आधीच ठरवलेला वाढावा, म्हणजे रिबा, घेऊ नये. व्यापारातल्या नफ्याला मात्र मुभा आहे. ‘मुदारबा’त भांडवल एकाचे, कष्ट दुसऱ्याचे; नफा ठरल्या हिश्श्याने वाटायचा, पैशाचा तोटा भांडवलवाल्याने सोसायचा. बटईने जमीन करणाऱ्या मराठवाड्याला ही रीत ओळखीचीच वाटेल. ‘मुराबाहा’त बँक स्वतः वस्तू विकत घेते आणि नफा उघड सांगून ती ग्राहकाला हप्त्याने विकते.

आमचे धर्माबाद ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथेही या विचाराची आधुनिक मांडणी झाली. उस्मानिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक अन्वर इक्बाल कुरेशी यांचा व्याजविषयक ग्रंथ 1946 चा. त्याच विद्यापीठाचे मुहम्मद हमीदुल्ला यांनी संस्थानातील बिनव्याजी पतसंस्थांची हकीकत नोंदवून ठेवली.

आजची अडचण 1949 च्या बँकिंग नियमन कायद्यात आहे. त्याचे कलम 8 बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीस मनाई करते. मग मुराबाहा होणार कसा? रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. बँकसेवा सर्वांना समान उपलब्ध आहेत, हे त्याचे कारण. पण व्याज निषिद्ध मानणाऱ्याला केवळ खाते उघडून मिळाल्याने बचतीचा मार्ग मिळत नाही.

शेअर घेऊ शकणाऱ्यांसाठी मुंबई शेअर बाजारात 2010 मध्ये शरियतनुसार निवडलेल्या 50 कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला. हातावर पोट असणाऱ्याला असा रस्ता नाही. ही पोकळी ‘हलाल नफ्या’चे आमिष दाखवणाऱ्यांनी भरली. बंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी 2019 मध्ये कोसळली आणि हजारो कुटुंबांची पुंजी बुडाली.

अशा व्यवहाराने धर्मनिरपेक्षतेला बाध येतो, हा आक्षेप केरळ उच्च न्यायालयाने 2011 मध्येच फेटाळला आहे. बिनव्याजी कर्ज कोणत्याही धर्माच्या गरजूला उपयोगी पडते. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये अशी योजना सुरू केलीही होती.

रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुन्हा हाती घ्यावा, कलम 8 ला मर्यादित अपवाद करण्याची शिफारस करावी आणि नागरी सहकारी बँकांना लेखापरीक्षणाच्या कडक अटींवर बिनव्याजी विभाग उघडू द्यावा. श्रद्धेने साठवलेल्या पैशालाही कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे.

— एक वाचक, धर्माबाद (जि. नांदेड)